आधी ऐकणारं मशीन

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीला तिसऱ्या वर्षी ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ची लॅब असते. २०१५च्या पॅटर्नमध्ये तिच्यात एक असाइनमेंट होती: टीसीपी सॉकेट वापरून दोन मशिनांनी एकमेकांना हॅलो म्हणायचं, मग फाइल पाठवायची, मग एकाने आकडे द्यायचे आणि दुसऱ्याने गणित सोडवून उत्तर परत करायचं. पुढे पॅटर्न बदलला, विषयाच्या नावात ‘सिक्युरिटी’ आली, सॉकेट मात्र राहिलं. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी ही लॅब बरीच वर्षं घेते आहे. मला विचाराल तर सगळ्या अभ्यासक्रमात ‘हॅलो म्हणा’ याच्याइतकं खोल काम दुसरं नाही.

मुलं हॅलोचा प्रोग्रॅम आणतात तो बहुतेक वेळा सीनियरकडून आलेला असतो. दोन खिडक्या उघडायच्या, एकीत सर्व्हर, दुसरीत क्लायंट, दोन्ही एकाच मशीनवर. ‘हॅलो’ उमटलं की स्क्रीनशॉट, प्रिंट, जर्नल, सही. ओरलला एक्स्टर्नल विचारतात, ‘बाइंडनंतर काय येतं?’ मुलगा ताडकन सांगतो, ‘लिसन.’ ‘आणि लिसन म्हणजे मशीन नेमकं काय करतं?’ इथे मुलं अडतात. ती हुशार असतात, अभ्यासही केलेला असतो. पण मशीनला ऐकताना त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. म्हणून टर्मच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी प्रोग्रॅम लिहूच देत नाही. सी नाही, जावा नाही, पायथनही नाही. फक्त टर्मिनल आणि नेटकॅट.

नेटकॅट ही अगदी लहानशी कमांड. ‘हॉबिट’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रॅमरने १९९५ साली ती लिहून सगळ्यांसाठी खुली केली. युनिक्समध्ये ‘कॅट’ फाइलीतला मजकूर उचलून पडद्यावर ओततं. नेटकॅट तोच मजकूर नेटवर्कवर ओततं आणि नेटवर्कवरून आलेला पडद्यावर आणतं. बस. ते कुणाचं नाव विचारत नाही, पासवर्ड मागत नाही, मजकूर झाकत नाही, पोहोचल्याची खूण दाखवत नाही. ज्याला आपण मेसेज पाठवणं म्हणतो त्याच्यावरचे सगळे थर काढून टाकले की जे उरतं, ते म्हणजे नेटकॅट. मला शिकवायला तेच हवं असतं.

बॅचमधल्या दोघांना मी लॅबच्या दोन टोकांना बसवते. एकाने ‘एनसी’, मग ‘उणे एल’, मग ५००० हा पोर्ट नंबर टाइप करून एंटर मारायचं. एंटर मारल्यावर काहीही होत नाही. प्रॉम्प्ट परत येत नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहतो. दरवर्षी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मॅडम, हँग झालं.’ मी म्हणते, हँग नाही झालं, ऐकतंय. मग दुसरी खिडकी उघडून ‘एसएस’ ही कमांड चालवायला लावते. यादीत ५०००च्या पुढे ‘लिसन’ ही अक्षरं दिसतात. पुस्तकातला शब्द समोरच्या मशीनची त्या क्षणाची अवस्था होऊन दिसला की मुलांचे चेहरे बदलतात. हा बदल बघायला मिळावा म्हणून मी ही लॅब मागून घेते.

मग दुसऱ्या टोकाचा विद्यार्थी पहिल्याच्या मशीनचा पत्ता आणि ५००० देतो आणि लिहितो. लिहिलेलं पलीकडे लगेच दिसत नाही, एंटर मारल्यावर ओळच्या ओळ उमटते. का? मुलं म्हणतात, नेटकॅट एंटरची वाट बघतं. तसं नाही. ओळ धरून ठेवतं ते टर्मिनल. नेटकॅटच्या हातात अक्षरं येतातच एंटरनंतर. आपण मशीनशी बोलतो तेव्हा मध्ये किती जण असतात याची ही पहिली जाणीव, आणि ती अजून वायरपर्यंतही न पोहोचता झालेली असते.

दुसऱ्या फेरीत मी क्रम उलटा करायला सांगते. ऐकणारं मशीन सुरूच करायचं नाही, बोलणाऱ्याने आधी बोलायचं. नेटकॅटला ‘उणे व्ही’ लावलं नाही तर ते गुपचूप बंद होतं, लावलं तर सांगतं: कनेक्शन रिफ्यूज्ड. ‘मॅडम, रिफ्यूज्ड येतंय,’ हे रडवेलं वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकते आणि मला त्यात आनंद असतो, कारण ही चांगली बातमी आहे. पलीकडचं मशीन चालू आहे, वायर ठीक आहे, पत्ता बरोबर आहे, आणि त्या मशीनने स्वतः उत्तर दिलं आहे की या पोर्टवर माझ्याकडे कुणी बसलेलं नाही. मग मी पलीकडे फायरवॉल चालू करते. आता पुन्हा बोलायला सांगते. या वेळी नकारही येत नाही. नुसती शांतता. आमच्या लॅबमधल्या लिनक्स मशीनवर ही शांतता दोन मिनिटांच्याही पुढे जाते, कारण ते मशीन पहिली हाक दिल्यावर एक सेकंद थांबतं, मग दोन, मग चार, असं दुप्पट दुप्पट करत पुन्हा पुन्हा हाका मारत राहतं. तिसऱ्या वेळी पलीकडचं मशीनच बंद करून ठेवते, तेव्हा उत्तर आणखी वेगळं येतं: तिथे जायला रस्ताच नाही. आपण दार वाजवतो, तेव्हा आतून ‘ते इथे राहत नाहीत’ असं कुणी सांगणं, आतून कुणी न बोलणं आणि त्या पत्त्यावर घरच नसणं, यांत जो फरक आहे तोच हा. नोकरीला लागल्यावर ही मुलं हिंजवडीत किंवा खराडीत रात्री कुठल्यातरी बंद पडलेल्या सर्व्हरसमोर बसतील, तेव्हा हा फरक त्यांना कुणी समजावून सांगणार नाही. मात्र अख्खा तपास त्यावर उभा असेल.

मी स्वतः शिकले ती लॅब वेगळी होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यात आमच्या कॉलेजात एका ४८६ मशीनवर एससीओ युनिक्स होतं आणि त्याला सीरियल केबलने जोडलेली टर्मिनलं. म्हणजे खोलीत बसलेले सगळे जण खरं तर एकाच संगणकात बसलेले. तिथे निरोप पाठवायला ‘राइट’ ही कमांड होती. समोरच्याचं लॉगिन नाव द्यायचं आणि लिहायचं; ओळ त्याच्या पडद्यावर, तो जे काही करत असेल त्याच्यावरच येऊन आदळायची. दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर ओळी एकमेकींत घुसायच्या. त्यावरचा उपाय युनिक्सच्या माहितीपुस्तिकेत दिलेला होता: आपलं म्हणणं संपलं की शेवटी ‘ओ’ लिहा, म्हणजे ‘ओव्हर’, बोलणंच संपवायचं असेल तर दोनदा ‘ओ’. कमांड स्वतः हे काही पाळायला लावत नसे. दोन माणसांनी आपापसात ठरवून पाळायचा तो नियम होता. प्रोटोकॉल म्हणजे काय, हे मला त्या ‘ओ’मुळे कळलं, पुढे पुस्तकात नेटवर्कच्या सात थरांचं चित्र पाहिलं तेव्हा मी त्यात तोच ‘ओ’ शोधत होते.

ज्याला व्यत्यय नको असेल त्याने ‘मेसेज’ कमांडला ‘एन’ द्यायचं, की त्याचं टर्मिनल अशा निरोपांना बंद. पण मुख्य वापरकर्त्याने, म्हणजे रूटने, ‘वॉल’ वापरून सगळ्यांना निरोप दिला तर तो या बंद दारातूनही आत यायचा. ‘पाच मिनिटांत मशीन बंद होतंय, फाइली सेव्ह करा’, असा निरोप लॅब असिस्टंट काका त्यातून द्यायचे. ‘टॉक’ ही त्याहून देखणी कमांड. पडदा आडवा दुभंगायचा, वर आपलं, खाली समोरच्याचं, आणि अक्षर अन् अक्षर टाइप होताना दिसायचं, खोडलेलंसुद्धा. ती सुरू व्हायलाही आधी निरोप जायचा की अमुक जण बोलू इच्छितात, आणि समोरच्याने स्वतः कमांड देऊन होकार दिल्याशिवाय पडदा दुभंगत नसे.

खोलीबाहेरच्या जगाशी आमचा संबंध बेताचाच होता. इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली सुरू केलेलं एर्नेटचं जाळं पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेपर्यंत आलं होतं, त्यामुळे विद्यापीठ परिसरातल्या संशोधकांना ईमेल होती. आमच्यासारख्यांना इंटरनेट दिसलं ते व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये सेवा सुरू केल्यानंतर, ती पुण्यात पोहोचली तेव्हा. विद्यार्थ्यांना परवडायचं ते शेल अकाउंट, म्हणजे मोडेमच्या किरकिरीनंतर येणारा नुसता अक्षरांचा पडदा. चित्र नाही, माउस नाही. आम्हाला त्यात काही कमी वाटलं नाही, कारण आमचं युनिक्सही तसंच होतं.

त्याच काळात आमचा वर्ग सीडॅक या प्रगत संगणन विकास केंद्राला भेट द्यायला गेला होता. १९९१ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात तयार झालेला परम ८००० तोवर सगळ्यांना नावाने माहीत होता. आम्ही एक मोठं, अतिशय वेगवान मशीन बघायच्या अपेक्षेने गेलो होतो. तिथल्या अभियंत्याने पहिल्या दोन मिनिटांतच ती अपेक्षा दुरुस्त केली. परम ८००० म्हणजे एक मशीन नव्हे, ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिपांचा समूह. प्रत्येकीची स्मृती स्वतंत्र, एकीला दुसरीच्या स्मृतीत डोकावता येत नाही. प्रत्येकीला चार दुवे, आणि त्या दुव्यांवरून एकमेकींना निरोप पाठवणं एवढाच त्यांचा संबंध. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या मनात पक्कं बसलं: ट्रान्सप्युटरमध्ये निरोप पाठवणारी प्रक्रिया, घेणारी तयार होईपर्यंत थांबते. मध्ये साठवायला जागाच नाही. दोघी एकाच क्षणी तयार असतील तरच निरोप जातो. परदेशातून महासंगणक मिळवताना अडचणी आल्या म्हणून पुण्यात महासंगणक बांधला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. मला मात्र त्या गोष्टीतला हा भाग अधिक मोलाचा वाटतो, की तो वेग एकमेकांची वाट बघणाऱ्या लहान लहान चिपांमधून आला होता.

मी शिकवायला लागले तोवर लॅबमध्ये विंडोज आलं होतं, आणि विंडोज २०००वर ‘नेट सेंड’ होतं. मशीनचं नाव आणि मजकूर दिला की पलीकडच्या पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकट उघडायची, कुणाकडून, कुणाला, कधी हे वर लिहिलेलं, आणि खाली ‘ओके’चं बटण. नावाच्या जागी तारका टाकली की अख्ख्या लॅबला. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी ही सेवा बंद ठेवावी लागे हे वेगळं सांगायला नको. पण ती जगभर बंद पडली त्याचं कारण परीक्षा नव्हे. इंटरनेटला थेट जोडलेल्या घरच्या मशिनांवर परके लोक याच चौकटींतून जाहिराती पाठवू लागले. ऑक्टोबर २००३मध्ये त्या सेवेतली एक गंभीर सुरक्षात्रुटी जाहीर झाली, आणि २००४च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २मध्ये ती सेवा आपोआप चालू होणं थांबलं. व्हिस्टामधून ती गेलीच. सगळीच मशिनं सतत, कुणाचंही, न विचारता ऐकत बसली होती. मुलांना मी हा इतिहास मुद्दाम सांगते, कारण पोर्ट उघडा ठेवणं हा निर्णय आहे आणि त्याची जबाबदारी असते, हे नुसत्या व्याख्येने पटत नाही.

आता मराठीकडे येते. हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा आहे आणि तो अभ्यासक्रमात कुठेच नाही.

नेटकॅटवर हॅलो झालं की मी म्हणते, आता मराठीत लिहा. मुलं ‘नमस्कार’ लिहितात. पलीकडे नमस्कार उमटतो आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. मग मी तोच शब्द शब्दमोजणीच्या कमांडला, म्हणजे ‘डब्ल्यूसी’ला, बाइट मोजायला सांगून द्यायला लावते. उत्तर येतं २२. मुलं बोटांवर मोजू लागतात. न, म, स्का, र. चार. कुणी म्हणतं पाच, जोडाक्षर सोडवून. मग हळूहळू फळ्यावर मांडतो: न, म, स, हलन्ताची खूण, क, काना, र. सात चिन्हं. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एकवीस, आणि एंटरचा एक. वायरवरून जाणारी पाकिटं उघडून दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये तोच निरोप उघडला की आकड्यांच्या रांगेत ई०, ए४, ए८ दिसतं, तो न. ई०, ए४, एई तो म. प्रत्येक अक्षराची सुरुवात ई०ने. मुलं आपलं स्वतःचं नाव लिहून त्यातले ई० मोजत बसतात, आणि तेव्हा कुणाला वर्गाची घंटा ऐकू येत नाही.

इथे मला पुण्याचाच आणखी एक धागा जोडता येतो. यूनिकोड रूढ होण्याआधी भारतीय लिपींसाठी इस्की हे मानक होतं, १९९१चं आयएस १३१९४. सीडॅकच्या जिस्ट गटाने, पुण्यात बसून, ही पद्धत वापरणारी कार्डं आणि टर्मिनलं घडवली. इस्कीत प्रत्येक चिन्हाला एकच बाइट, म्हणजे ‘नमस्कार’ अवघ्या सात बाइटांत. स्मृती आणि वायर दोन्ही महाग असण्याच्या काळात ती बचत फार मोठी होती. अडचण एवढीच, की ते सात बाइट ज्या मशीनला इस्की ठाऊक नाही तिथे पोहोचले तर टिंबं आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसायची. बाइट बिनचूक पोहोचलेले असायचे, निरोप पोहोचलेला नसायचा. यूनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतली, त्यामुळे आज मोबाइलवर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखाली ते जुनं काम आहे. त्या कामाची आठवण पुण्यातल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

एका वर्षी एका विद्यार्थ्याने पायथनमध्ये हॅलोचा सर्व्हर लिहिला होता. दर वेळी सोळा बाइट घ्यायचे, त्यांची अक्षरं करायची, छापायची. ‘हॅलो’ रोमन अक्षरांत पाठवलं तर उत्तम चालायचा. मी म्हटलं, नमस्कार पाठव. प्रोग्रॅम कोसळला. डीकोड करता येत नाही, मजकूर अनपेक्षितपणे संपला, अशी तक्रार. तो बराच वेळ नेटवर्कमध्ये दोष शोधत राहिला. मी काही सांगितलं नाही, फक्त वायरशार्ककडे बोट दाखवलं. सोळा बाइटांत पाच चिन्हं पूर्ण बसतात, पंधरा बाइट. सोळावा बाइट म्हणजे ‘का’मधल्या कान्याचा पहिला तुकडा, एकटा ई०. बाकीचे दोन पुढच्या खेपेला येणार. अर्ध्या कान्याचं अक्षर कसं करायचं? हे त्याचं त्यालाच सुचलं आणि तो उठून उभा राहिला. टीसीपी निरोप ओळखत नाही, शब्द ओळखत नाही, अक्षरही ओळखत नाही. ते फक्त बाइटांचा सलग प्रवाह क्रमाने पोहोचवतं. निरोप कुठे संपला हे दोन्ही टोकांनी ठरवायचं. इंग्रजीत काम करणाऱ्याला हे वर्षानुवर्षं न कळता निभावून जातं. मराठीत पहिल्या नमस्काराला कळतं. म्हणून मी प्रत्येक बॅचला मराठीत बोलायला लावते. यात भाषाप्रेम आहेच, पण त्याहून आधी चांगली चाचणी म्हणून.

टीसीपीचं साधं भावंड म्हणजे यूडीपी. त्याच्या प्रॅक्टिकलला मी दोन स्विच आणि त्यांच्यामधली एक केबल घेते. एका स्विचवर बोलणारं मशीन, दुसऱ्यावर ऐकणारं. आधी टीसीपी. दोन ओळी जातात, मग मी मधली केबल काढते आणि म्हणते, लिहीत राहा. विद्यार्थी तीन-चार ओळी लिहितो. त्याच्या पडद्यावर कसलीही तक्रार नाही, पलीकडे काही नाही. मग केबल परत लावते. सगळे पडद्याकडे बघतात, आणि लगेच काही होत नाही. कुणीतरी म्हणतं, गेलं. मी म्हणते, थांबा. थोड्या वेळाने साऱ्या ओळी एकदम, क्रमाने, एकही न गाळता येतात. केबल जितका वेळ बाहेर होती, साधारण तितकंच नंतरही थांबावं लागू शकतं, कारण इथेही दोन प्रयत्नांमधलं अंतर दर वेळी दुप्पट होत गेलेलं असतं. ते थांबणं मुलांनी अनुभवावं यासाठीच मी घाई करत नाही.

मग नेटकॅटला ‘उणे यू’ लावून तेच सगळं यूडीपीवर. केबल बाहेर असताना लिहिलेल्या ओळी गेल्या त्या गेल्याच. केबल लावल्यावर लिहिलेली ओळ तेवढी पोहोचते. इथे हस्तांदोलन नाही, पोच नाही. ऐकणारं मशीन सुरूच केलं नसेल तरी पहिली ओळ बिनतक्रार निघून जाते. मुलं लगेच निकाल देतात, यूडीपी वाईट. मग मी त्यांना जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८०मध्ये लिहिलेला यूडीपीचा मूळ दस्तऐवज वाचायला देते. तो अवघा तीन पानांचा आहे. हेडर आठ बाइटांचं, टीसीपीचं निदान वीस. फोनवर बोलताना एखादा शब्द गळला तर तो चार सेकंदांनी मागून आलेला कुणाला हवा असतो? पोच कुणी घ्यायची आणि घ्यायची की नाही, हे काय पाठवतोय त्यावर ठरतं. तीन पानं वाचून झाली की निकाल मागे घेतले जातात.

२०२०-२१चं शैक्षणिक वर्ष आम्ही ही लॅब घरोघरच्या पडद्यांवरून घेतली. तेव्हा एक गोष्ट उघडी पडली जी लॅबमध्ये कधीच दिसली नसती. दोन मुलं, एक बीड जिल्ह्यात, एक नाशकात, दोघांकडे मोबाइलचा डेटा. एकाने नेटकॅट ऐकत ठेवलं, दुसऱ्याने हाक मारली, आणि काही केल्या जुळेना. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवतात. बाहेर जाणारी हाक जाते आणि तिचं उत्तर परत येतं, पण बाहेरून येणाऱ्या नव्या हाकेला कुणाकडे न्यायचं हे मधल्या यंत्रणेला ठाऊक नसतं. म्हणजे त्या दोघांपैकी कुणाचंच मशीन जगासाठी ऐकू शकत नव्हतं. दोघं दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांशी बोलत होते, कारण तिथे दोघंही बाहेरच्याच एका सर्व्हरला हाक मारतात आणि तो दोघांचं ऐकतो. ‘म्हणजे मॅडम, आम्ही कधी एकमेकांशी थेट बोललोच नाही?’ बीडच्या विद्यार्थ्याने विचारलं. हा प्रश्न मला इतका मोलाचा वाटला की त्या दिवशी ठरवलेला धडा मी बाजूला ठेवला आणि तास याच्यावरच घेतला.

मार्ग मुलांनीच काढला: मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा, लॅपटॉप त्याला जोडायचा, मोबाइलवर टर्मक्स हे अ‍ॅप घालून त्यात नेटकॅट चालवायचं. दोन्ही मशिनं एकाच छोट्या जाळ्यात आली की इंटरनेटची गरजच नाही. जुन्नर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने मोबाइल आईच्या हातात दिला होता. तिने जमा केलेल्या वायरशार्कच्या फाइलीत एका पाकिटात २९ बाइटांचा मजकूर होता: ‘जेवायला ये’ आणि एंटर. राइट-अपमध्ये तिने चिन्हांची बेरीज करून दाखवली होती, नऊ चिन्हांचे सत्तावीस, मधल्या जागेचा एक, एंटरचा एक. मी पूर्ण गुण दिले.

आता मुलं पुन्हा कॅम्पसवर आहेत आणि आपापले लॅपटॉप आणतात. पण कॅम्पसच्या वाय-फायवर एका लॅपटॉपला दुसरा दिसत नाही. सुरक्षेसाठी तशीच रचना केलेली असते आणि ती योग्य आहे. नेटकॅट डाउनलोड केलं तर काही अँटिव्हायरस ते धोक्याचं म्हणून उडवून टाकतात, त्यालाही आधार आहे, कारण हेच हत्यार घुसखोरांच्याही हातात असतं. आपल्या ताब्यात नसलेल्या मशीनचं पोर्ट परवानगीशिवाय ठोठावायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधल्या कलम ४३ आणि ६६चं नाव घेऊन सांगते. आणि वायरशार्कमध्ये स्वतःचाच निरोप उघडावाघडा वाचल्यावर, एन्क्रिप्शन कशाला हवं हे वेगळं शिकवावं लागत नाही. या सगळ्यावर आम्ही साधा तोडगा काढला आहे. कॉलेजच्या जाळ्याला कुठेही न जोडलेला एक आठ पोर्टांचा स्विच, आणि केबलींचा एक पेटारा. त्या स्विचपुरतं मुलांनी काहीही उघडावं, काहीही बंद करावं.

त्याच्यावरचं शेवटचं काम असं असतं. प्रत्येक जोडीने अर्ध्या पानात आपल्या बोलण्याचे नियम लिहायचे: आधी कोण बोलणार, निरोप संपला हे कसं कळणार, लांबी लिहायची तर बाइटांत की अक्षरांत, कनेक्शन कुणी बंद करायचं. मग ते पान दुसऱ्या जोडीला द्यायचं. दुसऱ्या जोडीने एक शब्दही न विचारता, फक्त पानावरून, नेटकॅटने त्यांच्याशी बोलून दाखवायचं. बहुतेक पानं पहिल्या खेपेला पडतात. कुणी लांबी सांगितलेली असते पण कशाची ते नाही, आणि नमस्काराशी पोहोचल्यावर एक जण सातावर थांबतो, दुसरा एकविसावर. कधी दोघंही समोरच्याने बोलायची वाट बघत बसतात आणि दोन्ही पडद्यांवर कर्सर लुकलुकत राहतो. गेल्या टर्मला एका जोडीने पहिला नियम लिहिला होता, सर्व्हरने आधी ऐकायला बसावं. दुसऱ्या जोडीतल्या मुलीने त्याखाली पेन्सिलीने लिहिलं: किती वेळ? चौघंही त्यावर खूप भांडले. शेवटी त्यांनी नियम सुधारून तीस सेकंद लिहिले, आणि तीस सेकंदांत कुणीच आलं नाही तर सर्व्हरने काय करायचं हेही लिहिलं. ते पान जर्नलला लावून मी सही केली, आणि त्यांना प्रोग्रॅम लिहायला बसवलं.